दादाचा प्रिन्स पुन्हा पळाला: जुन्या गेमसाठी इम्युलेटर कसा निवडायचा

माळ्यावरून डबा खाली काढला तेव्हा आधी वास आला. रत्नागिरीतलं कौलारू घर, वर्षाचे चार महिने पाऊस, आणि डब्यात दादाच्या कॉम्प्युटर क्लासच्या सदतीस फ्लॉप्या. १९९४ साली त्याने पडवीत क्लास सुरू केला होता. दोन ३८६ आणि एक २८६, म्हणजे त्या काळच्या प्रोसेसरची मशीनं. त्या २८६ला हर्क्युलस हे एकरंगी डिस्प्ले कार्ड होतं आणि नारिंगी अक्षरांचा मॉनिटर. संध्याकाळी सातला शेवटची बॅच सुटली की मशीन माझं. मी तेव्हा आठवीत होते. आधी डिग्गर, मग डेव्ह, मग प्रिन्स, म्हणजे प्रिन्स ऑफ पर्शिया.

दादा आता साठीला टेकलाय. गेल्या मे महिन्यात म्हणाला, "तो प्रिन्स परत लावून दे ना गं." त्याच्या लॅपटॉपवर ते काम केलं, मग पुतणी मागे लागली, मग पुण्याचा आतेभाऊ. असं करत वर्षभरात नात्यातल्या पाच मशीनवर जुने गेम बसवले. सुरुवातीला मीही सगळ्यांसारखंच केलं: "सगळ्यात चांगला इम्युलेटर कोणता" (इम्युलेटर म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) हे शोधत बसले आणि दोन रविवार घालवले. प्रश्नच चुकीचा होता. आधी गेमला विचारायचं, बाबा रे, तू कुठल्या मशीनवर वाढलास? ते कळलं की इम्युलेटर जवळजवळ आपोआप ठरतो.

फ्लॉपी हातात असेल तर आधी हे

ज्या फ्लॉपीवर बुरशी दिसते ती तशीच ड्राइव्हमध्ये घालू नका. साडेतीन इंची फ्लॉपीचं धातूचं झाकण बाजूला सरकवा, आतली तपकिरी चकती उजेडात फिरवून बघा. पांढुरके ठिपके असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने हलक्या हाताने पुसा, दोन्ही बाजूंनी, आणि पूर्ण वाळू द्या. मी पहिल्याच दिवशी एक घाण फ्लॉपी घातली. ड्राइव्हच्या हेडला बुरशी चिकटली आणि पुढच्या दोन चांगल्या फ्लॉप्यांवर ओरखडे उठले. त्यातल्या एकीवर क्लासच्या पहिल्या बॅचची यादी होती. ती गेली ती गेलीच.

यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह साडेतीन इंची फ्लॉपी वाचतो. सव्वापाच इंची मोठ्या फ्लॉपीसाठी मात्र जुनाच ड्राइव्ह मिळवावा लागतो आणि तो ग्रीझवीझलसारख्या छोट्या बोर्डामार्फत यूएसबीला जोडावा लागतो. आमच्या सदतीसपैकी एकोणीस वाचता आल्या. फ्लॉपी एकदा वाचली जात असेल तर सुट्या फाइल उचलू नका, अख्ख्या फ्लॉपीची इमेज, म्हणजे एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत, काढून ठेवा. ती फ्लॉपी दुसऱ्यांदा वाचली जाईलच असं नाही.

सीडी असेल तर एक चूक सर्रास होते. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच गेममध्ये संगीत हे सीडीवर गाण्यांच्या ट्रॅकसारखं भरलेलं असायचं. नुसती आयएसओ इमेज काढली तर डेटा येतो, पण ते ट्रॅक मागे राहतात. गेम चालतो आणि मुका राहतो. म्हणून अशा सीडीची बिन आणि क्यू ही जोडी काढा.

डबल क्लिक केलं तर का चालत नाही

दादाचा पहिला प्रश्न हाच होता. त्याच्या काळी नवं मशीन आलं की जुनं सगळं त्यावर चालायचंच. आजचं विंडोज ६४ बिटचं आहे. ते चालू असताना प्रोसेसर ज्या मोडमध्ये असतो, त्यात डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमच्या, १६ बिट प्रोग्रॅमला लागणारा व्हर्च्युअल ८०८६ मोड मिळत नाही. ३२ बिट विंडोजमध्ये डॉस प्रोग्रॅम चालवण्याची सोय विंडोज १० पर्यंत होती. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. म्हणजे गेम खराब झालेला नसतो, त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतलेली असते. इम्युलेटर ती जमीन परत अंथरतो: प्रोसेसर, साउंड कार्ड, डिस्प्ले कार्ड, सगळं सॉफ्टवेअरमधून.

गेमचं वय कसं ओळखायचं

फोल्डर उघडा आणि फाइलींच्या तारखा बघा. नुसत्या कॉम, ईएक्सई आणि बॅट फाइल असतील, तारखा १९८३ ते १९९२च्या आसपासच्या असतील, तर साधा डॉस गेम. 'डॉस४जीडब्ल्यू' नावाची फाइल दिसली तर गेमला किमान ३८६ लागायचं, म्हणजे डूम या गेमच्या पिढीतला, जास्त दमदार मशीन मागणारा. डीएलएल फाइल दिसल्या तर तो विंडोजचा गेम, आणि त्याचा रस्ता पूर्ण वेगळा. ही दोन मिनिटांची तपासणी पुढचे दोन तास वाचवते.

इम्युलेटर लागतोच का?

काही गेमना लागत नाही, आणि हे फार लोकांना माहीत नसतं. डूम १९९३च्या डिसेंबरात आला आणि १९९७च्या डिसेंबरात त्याचा सोर्स कोड खुला झाला. त्यावरून लोकांनी आजच्या मशीनवर थेट चालणारी इंजिनं लिहिली. मूळचाच अनुभव हवा असेल तर चॉकलेट डूम घ्या, मोठा पडदा आणि नव्या सोयी हव्या असतील तर जीझेडडूम. दोन्हींना गेमची मूळ वॅड फाइल (पातळ्या, चित्रं, आवाज असलेली) द्यावी लागते, आणि पहिल्या भागाची वॅड शेअरवेअर म्हणून मोफत वाटण्यासाठीच होती. ट्रान्सपोर्ट टायकूनसाठी ओपनटीटीडी आहे. त्याला मोफत ग्राफिक्स मिळतात, त्यामुळे मूळ सीडी नसली तरी चालतं. पुतणीला रोलरकोस्टर टायकून हवा होता. तिला ओपनआरसीटी२ बसवून दिलं, पण त्याला मूळ गेमच्या फाइल लागतात, म्हणून तो आधी विकत घेतला.

प्रिन्ससाठी एसडीएलपॉप आहे. डॉसवरचा मूळ प्रोग्रॅम उलगडून तो नव्याने उभा केलाय. उडी, लटकणं, तलवार, सगळं जिथल्या तिथे. दादाला तो दिला तर पाच मिनिटं खेळला आणि म्हणाला, "हा आपला नाही." त्याला पडवीतला नारिंगी प्रिन्स हवा होता. मला हे अगदी पटलं. तुम्हाला गेम संपवायचा असेल तर असं थेट चालणारं इंजिन घ्या. तुम्हाला ती संध्याकाळ परत हवी असेल तर इम्युलेटर.

माउसने टिचक्या मारत गोष्ट पुढे न्यायची, असे जुने साहसी गेम असतील तर डॉसबॉक्स या डॉस इम्युलेटरच्या भानगडीत न पडता स्कमव्हीएम घ्या. २००१ पासून चालू आहे. तो मशीनची नक्कल करत नाही, त्या गेमच्या स्क्रिप्ट स्वतः वाचतो, त्यामुळे फोनवरही झकास चालतो. सुरुवातीला 'बिनीथ अ स्टील स्काय' उतरवून बघा. तो २००३ पासून कायदेशीररीत्या मोफत आहे.

डॉसबॉक्स, पण कोणता?

डॉस गेमपैकी बहुतेक सगळ्यांचं उत्तर डॉसबॉक्सच आहे. घोळ असा की आज त्या नावाचं एक कुटुंब झालंय.

मूळ डॉसबॉक्स २००२ चा. त्याची ०.७४-३ ही आवृत्ती २०१९ची. ती अजून चालते, पण आज नव्याने बसवणाऱ्याला मी ती सुचवत नाही. पडद्याचं प्रमाण, वेग, आवाज, सगळं हाताने जुळवावं लागतं.

डॉसबॉक्स स्टेजिंग ही त्याचीच शाखा, आणि माझी पहिली निवड. पाचपैकी तीन मशीनवर हीच आहे. जुने गेम ३२० बाय २०० ठिपक्यांचे असत, पण मॉनिटर चार-तीन प्रमाणाचा, म्हणजे प्रत्येक ठिपका थोडा उभट दिसायचा. आजच्या पडद्यावर ते तसंच टाकलं की प्रिन्स बुटका आणि रुंद दिसतो. स्टेजिंग हे प्रमाण आपणहून सांभाळतं आणि जुन्या काचेच्या पडद्याचा पोतही देतं. मूळ डॉसबॉक्स वापरणार असाल तर कॉन्फिग फाइलमध्ये (त्याच्या सेटिंग जिथे लिहिलेल्या असतात ती फाइल) आउटपुट 'ओपनजीएल' करून 'ॲस्पेक्ट' हे 'ट्रू' करायला विसरू नका. आपण लहानपणी काय बघितलं, हे नीट आठवायचं असेल तर एवढं कराच.

डॉसबॉक्स एक्स कधी घ्यायचा? विंडोज ३.१ किंवा ९५-९८ आत बसवायचं असेल, किंवा गेमखेरीज जुनं सॉफ्टवेअर चालवायचं असेल तेव्हा. त्याला वर नेहमीसारखा मेनू आहे, खेळ आहे तिथे गोठवून ठेवता येतो, प्रिंटही काढता येतो. दादाचा वर्डस्टार, म्हणजे जुना लेखनाचा प्रोग्रॅम, मी यावरच लावला. क्लासच्या जुन्या पावत्यांचा मसुदा त्यात उघडला तेव्हा वहिनीसुद्धा स्वयंपाकघरातून बघायला आली.

डॉसबॉक्स प्युअर हा रेट्रोआर्चमध्ये, म्हणजे अनेक इम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालणारा. गेमची झिप फाइल तशीच द्यायची, पडद्यावर कीबोर्ड येतो, गेमपॅड जुळतो. फोन, टॅबलेट किंवा टीव्हीला जोडलेल्या छोट्या मशीनसाठी हाच. आतेभावाला कीबोर्डसमोर बसायचंच नव्हतं, सोफ्यावर बसून खेळायचं होतं. त्याला हा दिला.

बसवायचं कसं

डी ड्राइव्हवर 'खेळ' अशा अर्थाचं छोट्या इंग्रजी नावाचं फोल्डर करा. नाव आठ अक्षरांच्या आत, मध्ये जागा न सोडता, कारण डॉसला तेवढंच झेपतं. त्यात प्रत्येक गेमला वेगळं फोल्डर. चालतो का हे नुसतं बघायचं असेल तर गेमची ईएक्सई फाइल ओढून डॉसबॉक्सच्या आयकॉनवर सोडा. कायमचं करायचं असेल तर कॉन्फिग फाइलच्या तळाशी 'ऑटोएक्झेक' हा भाग असतो, तिथे तीन ओळी लिहायच्या: पहिलीत 'माउंट सी' आणि पुढे त्या गेमच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता, दुसरीत 'सी' आणि विसर्गासारखी दोन टिंबं, तिसरीत गेमचं नाव. पुढे फक्त डॉसबॉक्स उघडायचा, गेम समोर.

माउंट करताना, म्हणजे फोल्डर डॉसबॉक्सला ड्राइव्ह म्हणून दाखवताना, अख्खा सी ड्राइव्ह कधीही देऊ नका. फक्त गेमचं फोल्डर द्या. डॉसबॉक्सच्या आतला प्रोग्रॅम माउंट केलेल्या फाइली खरोखरच पुसू शकतो. आमच्या एकोणीसपैकी दोन फ्लॉप्यांमध्ये त्या काळचे व्हायरस होते, अँटिव्हायरसने दाखवले म्हणून कळलं. तीस वर्षांपूर्वीचा व्हायरस आज विंडोजला धक्का लावू शकत नसला तरी माउंट केलेल्या फोल्डरात तो जिवंत असतो.

आता वेग. यातच सगळ्यात जास्त लोक अडकतात. डिग्गर १९८३चा, ४.७७ मेगाहर्ट्झच्या आयबीएम पीसीसाठी लिहिलेला. त्याचा वेग मशीनच्या वेगावर बांधलेला. आमच्या ३८६ वरसुद्धा तो इतका सुसाट पळायचा की दादा कॅबिनेटवरचं टर्बोचं बटण बंद करायचा. डॉसबॉक्समध्ये त्या बटणाचं काम 'सायकल्स' करतात. कंट्रोल आणि एफ ११ ने कमी, कंट्रोल आणि एफ १२ ने जास्त. साधारण हिशेब मी असा धरते: पहिल्या पीसीसाठी ३००, ३८६ एसएक्ससाठी ३०००, ३८६ डीएक्स ३३ साठी ६०००, ४८६ डीएक्स२ ६६ साठी २५०००, आणि पेंटियम ९०च्या काळातल्या गेमसाठी ५००००. डिग्गर ३०० वर ठेवला आणि 'पॉपकॉर्न'ची ती धून बरोबर चालीत ऐकू आली. दादा काही बोलला नाही, फक्त टेबलावर बोटांनी ताल धरला.

सायकल्स वाढवत नेल्या म्हणजे गेम सुधारतो असं नाही. आपल्या मशीनला झेपण्यापलीकडे गेल्या की आवाज तुटायला लागतो. तिथून एक पायरी खाली या. आणि एखादा प्रोग्रॅम सुरू होताच 'रनटाइम एरर २००' असा संदेश देऊन मेला, तर तो टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला आहे आणि मशीन त्याच्या अपेक्षेपेक्षा फारच वेगवान आहे. सुरुवातीलाच मशीनचा वेग मोजताना त्याचा भागाकार कोलमडतो. सायकल्स कमी करा, चालतो.

आवाज येत नसेल तर गेमचं सेटअप किंवा इन्स्टॉल चालवून साउंड ब्लास्टर हे साउंड कार्ड निवडा: पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १. डॉसबॉक्समध्ये हेच ठरलेले आकडे असतात. आयआरक्यू ५ असं गेममध्ये आधीच भरलेलं असेल तर तिथेच गाडं अडतं. माउस आत अडकला तर कंट्रोल आणि एफ १०, पूर्ण पडद्यासाठी ऑल्ट आणि एंटर. एकाहून जास्त डिस्कचा गेम पुढची डिस्क मागेल तेव्हा कंट्रोल आणि एफ ४.

आणि नारिंगी पडदा. कॉन्फिगमध्ये 'मशीन' या ओळीत 'हर्क्युलस' लिहा. डॉसबॉक्स एकरंगी होतो, आणि एफ ११ दाबत गेलं की पांढरा, हिरवा, नारिंगी असे रंग फिरतात. प्रिन्स हर्क्युलसवरही चालतो. ही एक ओळ सापडायला मला तीन आठवडे लागले. ज्यांचा पहिला मॉनिटर एकरंगी होता, त्यांनी रंगीत आवृत्तीच्या आधी हे करून बघा.

विंडोज ९५-९८चे गेम

इथे वाट खडतर आहे, तरी क्रम ठरलेला ठेवा. आधी गेम तसाच चालतो का बघा. बरेचदा गेम ३२ बिट असतो, फक्त त्याचा इन्स्टॉलर १६ बिट असतो आणि तिथेच दार बंद होतं. असे इन्स्टॉलर ओटीव्हीडीएम नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने चालतात. गेम सुरू झाला पण रंग फाटले किंवा काळा पडदा आला, तर गेमच्या फोल्डरात सीएनसी-डीड्रॉच्या फाइली टाकून बघा. जुन्या थ्रीडी गेमसाठी, विशेषतः थ्रीडीएफएक्सच्या व्हूडू कार्डासाठी लिहिलेल्या, डीजीव्हूडू २ घ्या. हे इम्युलेटर नाहीत, दुभाषे आहेत. गेमची जुनी भाषा आजच्या ग्राफिक्स कार्डाला समजावून सांगतात.

एवढं करूनही नाही जमलं, तरच ८६बॉक्स. तो अख्खं मशीन उभं करतो, मदरबोर्ड, बायोस, व्हूडू कार्ड, सगळं. बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) रॉम फाइली वेगळ्या लागतात, आत विंडोजही बसवावं लागतं आणि त्याचं लायसन्स आपलं हवं. आजचा चांगला प्रोसेसरही त्यात दमतो. वर खिडकीच्या पट्टीवर टक्के दिसतात. १०० च्या खाली घसरत असतील तर आत निवडलेला प्रोसेसर कमी करा. पेंटियम २ ऐवजी साधा पेंटियम ठेवला की बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सच्या मागे मात्र लागू नका. विंडोज ९८ साठी त्याचे जोड-ड्रायव्हरच नाहीत.

प्रती आणि कायदा

जुना झाला म्हणून गेम फुकटचा होत नाही. कंपनी बंद पडली तरी हक्क कुणाकडे तरी असतात. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची बॅकअप प्रत काढता येते. न घेतलेल्याची नाही. क्लासमध्ये फिरलेल्या आमच्या प्रती विकतच्या नव्हत्या, हे मी स्पष्ट सांगते. तेव्हा रत्नागिरीत मूळ प्रत बघायलाही मिळत नसे. प्रिन्सची पहिली पातळी संपली की नकली प्रत पकडायला मॅन्युअलमधलं अक्षर विचारणारी कुप्यांची खोली येते, हे मला चाळिशीत कळलं. आमच्या प्रतीत ती कुणीतरी काढून टाकली होती. आज जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर असंख्य जुने गेम थोड्या पैशांत मिळतात, त्यातले डॉसचे बहुधा डॉसबॉक्ससकट येतात. ते घ्या, आणि आतल्या गेमच्या फाइली उचलून स्टेजिंगमध्ये लावा. आधी चाखून बघायचं असेल तर इंटरनेट आर्काइव्हवर २०१५ पासून हजारो डॉस गेम ब्राउझरमध्येच चालवून बघता येतात. काहीही उतरवायचं तर त्या इम्युलेटरच्या स्वतःच्या साइटवरूनच. "सगळे गेम एकाच पॅकमध्ये" म्हणून जे मिळतं ते घरच्या मशीनवर घेऊ नका.

दादाच्या लॅपटॉपवर शेवटी असं आहे: डॉसबॉक्स स्टेजिंग, हर्क्युलस, नारिंगी, सायकल्स ३०००. त्याला अजून 'प्रिन्स मेगाहिट' (चीट चालू करणारा शब्द) लिहूनच गेम सुरू करायची सवय आहे. तुमच्याकडे ते चालत नसेल तर तुमची आवृत्ती नंतरची आहे, तिथे 'इम्प्रूव्ह्ड' लिहून बघा. तिसऱ्या पातळीवरच्या सांगाड्याशी त्याची रोज झटापट चालते. तिसऱ्या पातळीपासून पुढे कंट्रोल आणि जी दाबलं की खेळ साठवला जातो, आणि ती 'प्रिन्स' नावाची सॅव्ह फाइल गेमच्या फोल्डरातच तयार होते. लॅपटॉप बदलताना ते फोल्डर कॉन्फिग फाइलसकट उचलायचं. मी त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घालून ठेवली आहे. पेनड्राइव्ह माळ्यावर नाही, कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर.